टॅब्युलेटर ते सॉफ्टवेअर सेवा : आय.सी.एल. या बहुराष्ट्रीय संगणक कंपनीची व तिच्या पुण्यातील उपकंपनीची वाढ आणि पुनर्रचना

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अध्यापनात बहुराष्ट्रीय संगणक कंपनीच्या पुनर्रचनेचे उदाहरण द्यावयाचे झाल्यास बहुधा आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीचे नाव पुढे येते. ही कंपनी १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली आणि १९९२ मध्ये टाटा समूहाच्या भागीदारीत परत आली, ही हकिकत सर्वपरिचित आहे. त्याच काळात, त्याच कायद्याला सामोरी गेलेली, परंतु देश न सोडलेली दुसरी एक संगणक कंपनी महाराष्ट्रातच होती. इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स लिमिटेड म्हणजेच आय.सी.एल. या ब्रिटिश कंपनीची पुण्यातील उपकंपनी ‘इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स इंडियन मॅन्युफॅक्चर’, अर्थात आय.सी.आय.एम., ही ती होय. आज पुण्यात खराडी येथे मुख्यालय असलेली झेन्सार टेक्नॉलॉजीज ही सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे तिचेच बदललेले रूप आहे.

मूळ कंपनी आणि पुण्यातील उपकंपनी या दोघींचा प्रवास यंत्रे तयार करण्यापासून सुरू झाला व सेवा पुरविण्यापाशी येऊन ठेपला. हा बदल कोणत्या टप्प्यांनी झाला, त्यामागे कोणती आर्थिक कारणे होती आणि मालकी वारंवार बदलत असताना जबाबदारीचे काय झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

छिद्रपत्र यंत्रे आणि साम्राज्याची बाजारपेठ

आय.सी.एल. ही १९६८ मध्ये स्थापन झाली असली, तरी तिची मुळे संगणकाच्याही आधीच्या काळात जातात. हर्मन हॉलेरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रपत्रे मोजणारी विद्युत यंत्रे तयार केली. त्यांच्या यंत्रांचे हक्क घेऊन ब्रिटनमध्ये उभी राहिलेली कंपनी म्हणजे ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनी (यापुढे बी.टी.एम.). हॉलेरिथ यांची मूळ अमेरिकन कंपनी पुढे विलीनीकरणातून वाढत गेली आणि १९२४ मध्ये तिने आय.बी.एम. हे नाव धारण केले. म्हणजे ज्या दोन कंपन्यांना पुढे एकमेकींच्या प्रतिस्पर्धी म्हणून ओळखले गेले, त्या एकाच शोधाच्या दोन शाखा होत्या.

छिद्रपत्र यंत्राचे कार्य समजण्यास सोपे आहे. गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या पट्ट्यातील एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर येणाऱ्या उसाच्या गाडीची कल्पना करावी. सभासदाचा क्रमांक, गावाचा क्रमांक, तारीख व वजन ही माहिती एका पत्रावर ठरावीक स्तंभांमध्ये छिद्रे पाडून नोंदविली, की एका गाडीमागे एक पत्र तयार होते. हंगामाअखेर अशी हजारो पत्रे यंत्रातून गेली, की प्रथम ती सभासदवार वेगळी होतात आणि नंतर प्रत्येक सभासदाच्या वजनाची बेरीज छापून बाहेर येते. हॉलेरिथ पद्धतीत छिद्रातून तारेच्या कुंचल्याचा स्पर्श होऊन विद्युतप्रवाह वाहतो, तर प्रतिस्पर्धी पॉवर्स पद्धतीत धातूच्या टाचण्या छिद्रातून खाली उतरतात. तत्त्व मात्र एकच आहे. विमा कंपन्या, रेल्वे, नगरपालिका आणि सांख्यिकी कार्यालये यांना अशीच गणना हवी होती.

या व्यवसायाचे वैशिष्ट्य असे की यंत्रे विकली जात नसत, ती भाड्याने दिली जात. भाडे नियमित मिळत राहते व ग्राहक सहसा सोडून जात नाही, हा त्यातील लाभ. परंतु यंत्र तयार करण्याचा संपूर्ण खर्च आज करावा लागतो आणि त्याची भरपाई पुढील अनेक वर्षांत हप्त्याहप्त्याने होते. परिणामी, व्यवसाय जितका वेगाने वाढेल तितकी भांडवलाची चणचण तीव्र होते. नफा दिसतो, पण तिजोरीत पैसा नसतो. बी.टी.एम.च्या बाबतीत यात आणखी एक भर पडली होती. अमेरिकन कंपनीशी झालेल्या करारानुसार तिला उत्पन्नाचा २५ टक्के इतका हिस्सा स्वामित्वशुल्क म्हणून द्यावा लागे. त्याच भाड्यातून आय.बी.एम. संशोधन करीत होती, तर बी.टी.एम. शुल्क भरीत होती. दोन्ही कंपन्यांमधील पुढील काळातील तफावतीचे मूळ इतके जुने आहे.

त्या बदल्यात बी.टी.एम.ला कॅनडा वगळता ब्रिटिश साम्राज्याची बाजारपेठ राखीव मिळाली होती. भारत हा या वाटणीत बी.टी.एम.च्या वाट्याला आलेला प्रदेश होता. हा करार १९४९ मध्ये संपुष्टात आला आणि दोन्ही कंपन्यांना एकमेकींच्या प्रदेशात प्रवेश खुला झाला. आय.बी.एम.ने १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत व्यवसाय सुरू केला, तो या पार्श्वभूमीवर. भारतातील संगणकाच्या इतिहासात या घटनेची संगती केवळ स्वातंत्र्य व नियोजनाच्या धोरणाशी लावली जाते. त्यामागे दोन खासगी कंपन्यांमधील प्रदेशवाटणीचा करार संपणे हेही कारण होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

भारतात आलेला पहिला अंकीय संगणक बी.टी.एम.चाच होता, ही नोंदही येथे आवश्यक आहे. कोलकाता येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ मध्ये एच.ई.सी.-२ एम हे यंत्र दाखल झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला.

विलीनीकरणातून वाढ

बी.टी.एम. व पॉवर्स-सामास या दोन ब्रिटिश प्रतिस्पर्धी कंपन्या १९५९ मध्ये एकत्र आल्या आणि इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स अँड टॅब्युलेटर्स (आय.सी.टी.) ही कंपनी निर्माण झाली. छिद्रपत्र यंत्रांचा काळ संपत आला आहे, ही जाणीव या एकीकरणामागे होती. त्यानंतर आय.सी.टी.ने १९६२ मध्ये ई.एम.आय.चा आणि १९६३ मध्ये फेरँटीचा व्यापारी संगणक विभाग विकत घेतला.

एप्रिल १९६४ मध्ये आय.बी.एम.ने ‘सिस्टीम ३६०’ ही मालिका जाहीर केली. तोपर्यंत एकाच कंपनीचा लहान संगणक व मोठा संगणक यांची भाषा वेगळी असे. ग्राहकाचे काम वाढले व त्याने मोठे यंत्र घेतले, की जुने सर्व कार्यक्रम पुन्हा लिहावे लागत. सिस्टीम ३६० ने ही अडचण दूर केली. मालिकेतील लहान यंत्रासाठी लिहिलेला कार्यक्रम मोठ्या यंत्रावरही चालू लागला. आय.सी.टी.ने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘१९०० मालिका’ जाहीर करून त्यास उत्तर दिले. ही मालिका फेरँटीच्या कॅनडातील शाखेने तयार केलेल्या यंत्राच्या रचनेवर आधारलेली होती. विकत घेतलेल्या विभागातून कंपनीला तिचे सर्वांत यशस्वी उत्पादन मिळाले, असे हे उदाहरण आहे.

ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने मात्र प्रश्न एका कंपनीचा नव्हता. देशाचा स्वतःचा संगणक उद्योग टिकेल की नाही, हा तो प्रश्न होता. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने औद्योगिक एकत्रीकरणाचे धोरण स्वीकारले आणि जुलै १९६८ मध्ये आय.सी.टी. व इंग्लिश इलेक्ट्रिकचा संगणक व्यवसाय यांचे विलीनीकरण होऊन आय.सी.एल. अस्तित्वात आली. इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये त्यापूर्वीच लिओ, मार्कोनी व इलियट-ऑटोमेशन यांचे संगणक विभाग मिसळले होते. सरकारने नव्या कंपनीत सुमारे दहा टक्के भाग घेतला आणि संशोधनासाठी अनुदान दिले.

विलीनीकरणाने कंपनी मोठी झाली, परंतु एकजीव झाली नाही. तिच्याकडे आता दोन परस्परविसंगत मालिका होत्या : आय.सी.टी.ची १९०० आणि इंग्लिश इलेक्ट्रिकची ‘सिस्टीम ४’. दोन्हींचे ग्राहक, दोन्हींचे कार्यक्रम व दोन्हींचे अभियंते वेगळे. त्यांना एका छताखाली आणण्यासाठी तिसरी मालिका तयार करणे भाग पडले. ‘२९०० मालिका’ ऑक्टोबर १९७४ मध्ये जाहीर झाली. रचनेच्या दृष्टीने ती प्रगत मानली गेली. तथापि नव्या मालिकेच्या संशोधनाचा खर्च हा यंत्रे दहा विकली काय किंवा हजार विकली काय, तेवढाच राहतो. आय.बी.एम. हा खर्च जगभरच्या ग्राहकांवर विभागत होती. आय.सी.एल.चा मुख्य आधार ब्रिटन, त्यातही ब्रिटिश सरकारी खाती व नगरपालिका, हाच राहिला. राष्ट्रीय कंपनी म्हणून मिळालेले संरक्षण हीच तिच्या वाढीची मर्यादा ठरली, असे म्हणण्यास जागा आहे.

पुण्यातील कारखाना

पुण्यातील कंपनीची नोंदणी मार्च १९६३ मधील आहे. हा काळ महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात महत्त्वाचा आहे. राज्याची स्थापना १९६० मध्ये आणि औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ मध्ये झाली होती. पुणे-पिंपरी पट्ट्यात यंत्रउद्योग वेगाने उभा राहत होता. छिद्रपत्र यंत्र हे विजेवर चालत असले तरी त्याचा आत्मा यांत्रिक असतो. दातेरी चक्रे, दट्टे, कमानी व सूक्ष्म मापाचे सुटे भाग यांची त्यास गरज असते. टूलरूममध्ये तयार झालेले कुशल कामगार व फिटर जेथे उपलब्ध आहेत, तेथेच असा कारखाना चालू शकतो. या दृष्टीने पुण्याची निवड स्वाभाविक होती.

छिद्रपत्र यंत्रांपाठोपाठ १९०० मालिकेतील लहान संगणकांच्या भारतातील जुळणीचा टप्पा आला. आय.सी.एल.ची यंत्रे शैक्षणिक संस्थांमध्येही पोहोचली. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आय.सी.एल. १९०९ हा संगणक होता, तर पुणे विद्यापीठाच्या संगणक केंद्रात आय.सी.एल. १९०४-एस हे यंत्र होते. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नगर व नाशिक जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या एका पिढीतील अध्यापकांना ‘संगणक’ म्हणजे वातानुकूलित दालनातील हे यंत्र एवढेच ठाऊक होते. जाता जाता नमूद करावयाचे तर १९०० मालिकेत एका अक्षरासाठी सहा द्विमान अंक वापरले जात. त्यातून जास्तीत जास्त चौसष्ट चिन्हे व्यक्त होतात. रोमन मोठी अक्षरे, अंक व विरामचिन्हे यांतच ती संपत. देवनागरीचा विचार त्या रचनेत नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते.

त्या काळातील भारतीय वातावरण संगणकाला सर्वस्वी अनुकूल नव्हते. आयुर्विमा महामंडळातील संगणकांना कामगार संघटनांनी प्रखर विरोध केला. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांच्याकडे होते. ज्या शहरात संगणक जुळविले जात होते त्याच शहरातील अर्थतज्ज्ञाकडे ते कोठे वापरावेत हे ठरविण्याचे काम यावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

दुसरी टीका तंत्रज्ञानाच्या दर्जाविषयी होती. परदेशात कालबाह्य झालेली यंत्रे भारतात आणून, दुरुस्त करून, चढ्या भाड्याने दिली जातात, असा आक्षेप विशेषतः आय.बी.एम.वर घेतला गेला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये सरकारी खात्यांतील संगणकीकरणाची तपासणी करताना या व्यवहारावर कठोर टीका केली. सरकारचे धोरणही बदलत होते. १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग स्थापन झाला आणि हैदराबादच्या सरकारी ई.सी.आय.एल.ने टी.डी.सी. मालिकेचे देशी संगणक बाजारात आणले.

चाळीस टक्क्यांचा प्रश्न

परकीय चलन नियमन कायदा, १९७३ अन्वये भारतात काम करणाऱ्या बहुतेक परकीय कंपन्यांना आपला भागभांडवलातील हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे बंधनकारक झाले. आय.बी.एम. व आय.सी.एल. यांची उत्तरे येथे वेगळी झाली आणि हा फरक अभ्यासण्यासारखा आहे.

आय.बी.एम. जगभरात पूर्ण मालकीच्या तत्त्वावर चालत असे. निरनिराळ्या देशांतील तिचे कारखाने एकमेकांना सुटे भाग पुरवीत. अशा जाळ्यातील एका देशात स्थानिक भागधारक आले, तर किंमत, नफा व तंत्रज्ञान यांविषयीचे निर्णय वाटाघाटीचे होतात. शिवाय भारताला दिलेली सवलत उद्या इतर देशही मागतील. कंपनीने भारतातील व्यवसायाची विभागणी करून काही भागांत हिस्सा कमी करण्याचा पर्याय मांडला, परंतु निर्मिती व निर्यातीवरील पूर्ण मालकी सोडण्यास नकार दिला. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असलेल्या जनता सरकारने तो पर्याय अमान्य केला आणि जून १९७८ पासून आय.बी.एम.ने येथील व्यवहार बंद केला. तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आले. पुढे १९८६ मध्ये दिल्ली येथे रेल्वेची संगणकीय आरक्षण पद्धती उभी करणारी हीच संस्था होय.

आय.सी.एल.ने मात्र अट स्वीकारली. भारतातील व्यवसाय पुण्याच्या कंपनीत एकत्र करून तिने आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणला. बरोज या अमेरिकन कंपनीने टाटांशी भागीदारी केली. आय.सी.एल.च्या या निर्णयाचे वर्णन पुष्कळदा ‘सहकार्याची भूमिका’ असे केले जाते. ते अपुरे आहे. आय.बी.एम.समोर क्रमांक दोनची कंपनी म्हणून उभी असलेल्या आय.सी.एल.ला प्रतिस्पर्धी निघून जात असलेली बाजारपेठ सोडणे परवडणारे नव्हते. राष्ट्रकुलातील जुने ग्राहक हाच तिचा परदेशातील मुख्य आधार होता. ज्याच्या हाती सौदाशक्ती कमी तो अटी लवकर मान्य करतो, एवढाच याचा अर्थ आहे.

या निर्णयाचा परिणाम दूरगामी ठरला. आय.सी.आय.एम. ही भारतीय भागधारक असलेली, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी झाली. पुढे आर. पी. गोएंका यांचा आरपीजी समूह तिच्यात आला. मूळ कंपनीचे जे व्हावयाचे ते होवो, पुण्यातील कंपनीला स्वतंत्र अस्तित्व मिळाले होते.

संकट, फुजित्सू आणि नावांची अदलाबदल

ब्रिटनमधील मूळ कंपनीवर १९८०-८१ मध्ये अरिष्ट कोसळले. मंदी, महाग झालेला पौंड आणि आय.बी.एम.ने केलेली किंमतकपात यांचा एकत्रित आघात झाला. उद्योगांना सरकारी मदत देण्यास विरोध करणाऱ्या मार्गारेट थॅचर यांच्या सरकारलाही मार्च १९८१ मध्ये २० कोटी पौंडांच्या कर्जाची हमी द्यावी लागली. कारण सरकारी खात्यांचे दैनंदिन काम आय.सी.एल.च्या यंत्रांवर चालत होते. कंपनी बुडू देणे म्हणजे करवसुली व निवृत्तिवेतनाचे व्यवहार अडचणीत आणणे होते.

नव्या व्यवस्थापनाची सूत्रे रॉब विल्मॉट यांच्याकडे आली. या टप्प्यावरील पुनर्रचना दोन अंगांनी झाली. पहिले अंग कपातीचे होते. काही वर्षांत मनुष्यबळ सुमारे एक-तृतीयांशाने घटले. दुसरे अंग अधिक मूलगामी होते. सर्व काही स्वतः बनविण्याचा आग्रह कंपनीने सोडला. १९८१ मध्ये जपानच्या फुजित्सूशी करार झाला आणि संगणकाचा गाभा असलेल्या चिप्सचे तंत्रज्ञान तिकडून येऊ लागले. १९८५ मधील ‘मालिका ३९’ मधील मोठे यंत्र या तंत्रज्ञानावर उभे होते. रचना व कार्यप्रणाली आय.सी.एल.ची आणि घटक जपानी, अशी ही विभागणी होती. तात्कालिकदृष्ट्या ती शहाणपणाची होती. मात्र गाभा दुसऱ्याकडून घेणारी कंपनी आज ना उद्या त्या दुसऱ्याची होते, हेही पुढील घटनांनी दाखविले. १९८४ मध्ये एस.टी.सी. या दूरसंचार कंपनीने आय.सी.एल. ताब्यात घेतली. १९९० मध्ये फुजित्सूने तिचा ८० टक्के हिस्सा खरेदी केला, १९९८ मध्ये पूर्ण मालकी मिळविली आणि एप्रिल २००२ मध्ये आय.सी.एल. हे नावच संपवून ‘फुजित्सू सर्व्हिसेस’ असे नामकरण केले. नव्या नावात ‘कॉम्प्युटर्स’ हा शब्द उरला नाही.

पुण्यात हेच चक्र लहान प्रमाणावर फिरले. १९९१ मध्ये सॉफ्टवेअरसाठी वेगळी उपकंपनी काढण्यात आली. मुख्य कंपनी काही काळ ‘फुजित्सू आय.सी.आय.एम.’ या नावाने ओळखली गेली. १९९९ मध्ये यंत्रनिर्मितीचा विभाग बंद करून सॉफ्टवेअर उपकंपनी मूळ कंपनीत विलीन करण्यात आली आणि २००० मध्ये झेन्सार हे नाव धारण केले गेले. फुजित्सूकडील हिस्साही कालांतराने गुंतवणूक संस्थांकडे गेला. २०१५ मध्ये एपॅक्स या संस्थेने सुमारे २३ टक्के हिस्सा घेतला, तो दुसऱ्या गुंतवणूक संस्थेकडून.

यंत्रनिर्मिती बंद होण्याचे खापर एकट्या व्यवस्थापनावर फोडणे योग्य ठरणार नाही. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली. १९९१ नंतर शुल्क उतरत गेले. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे माहिती तंत्रज्ञान करार झाला व भारताने १९९७ मध्ये त्यात सहभागी होऊन संगणकांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आणण्याचे मान्य केले. तयार संगणक करमुक्त आणि देशात जुळणीसाठी लागणाऱ्या कित्येक कच्च्या मालावर मात्र कर, अशी उलटी रचना तयार झाली. त्याउलट सॉफ्टवेअर निर्यातीला करसवलत होती, भांडवल कमी लागत होते आणि दोन हजार सालाच्या अडचणीमुळे, म्हणजे वर्षाचे दोनच अंक साठविणारे जुने कार्यक्रम दुरुस्त करण्यासाठी, जगभरातून मागणी येत होती. हे जुने कार्यक्रम मोठ्या संगणकांवरील होते आणि असे संगणक जाणणारी माणसे पुण्याच्या कंपनीकडे आधीपासून होती. यंत्र गेले, पण यंत्राची ओळख विकता आली. टूलरूममधील कौशल्याला मात्र नव्या व्यवसायात स्थान नव्हते. पुनर्रचनेच्या यशोगाथांमध्ये हा भाग सहसा येत नाही.

सेवा कंपनीची जबाबदारी

यंत्र विकणाऱ्याची जबाबदारी मोजता येते. यंत्र बंद पडले तर ते सर्वांना दिसते. सेवेचे तसे नसते. आय.सी.एल.च्या सेवाकाळातील एका व्यवहाराने हा फरक अत्यंत वेदनादायक रीतीने उघड केला. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या शाखांचे हिशेब संगणकावर आणण्याचे कंत्राट १९९६ मध्ये ‘आय.सी.एल. पाथवे’ या उपकंपनीस मिळाले. ‘होरायझन’ या नावाची ही पद्धती १९९९ पासून शाखांमध्ये बसविण्यात आली. पद्धतीतील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात प्रत्यक्षात नसलेली तूट दिसू लागली आणि शाखा चालविणाऱ्यांवर अफरातफरीचे खटले भरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक व्यक्ती दोषी ठरल्या. काही तुरुंगात गेल्या, अनेकांची घरे व दुकाने गेली. संगणक बरोबरच चालतो असे गृहीत धरणारा नियम त्या काळात इंग्लंडच्या न्यायालयांत लागू होता, त्यामुळे चूक सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने पद्धतीतील दोष मान्य केले. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. त्यापूर्वी जानेवारी २०२४ मध्ये फुजित्सूच्या युरोपातील प्रमुखांनी भरपाईत सहभागी होण्याचे नैतिक दायित्व संसदीय समितीसमोर मान्य केले. कंत्राट घेतले तेव्हा कंपनीचे नाव वेगळे होते. उत्तर देण्याची वेळ आली तेव्हा ते नाव अस्तित्वात नव्हते.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. राहाता तालुक्यातील पुणतांबा या गावातून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो राज्यभर पसरला. त्याच महिन्यात राज्य शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली, दीड लाख रुपयांपर्यंतची थकबाकी तीत येणार होती आणि अर्ज ऑनलाइन भरून घेण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी पहिली प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर अर्जातील तपशील, आधार क्रमांक आणि बँकांनी पुरविलेल्या याद्या यांचा मेळ बसत नसल्याचे उघड झाले आणि पडताळणी पुन्हा करावी लागली. या पद्धतीचा आय.सी.एल. किंवा झेन्सारशी काही संबंध नव्हता, आणि येथे कोणावर खटला भरला गेला नाही. तरीही यादीत नाव का नाही, हे शेतकऱ्याने कोणाला विचारावे, या प्रश्नाचे उत्तर बँक, सोसायटी, तहसील व सेवाकेंद्र यांपैकी कोणापाशीच पूर्ण नव्हते. छिद्रपत्राच्या काळात संशय आलाच तर पत्रांचा गठ्ठा काढून एक पत्र उजेडासमोर धरता येत असे.

भारतीय पुरावा कायद्यात २००० मध्ये समाविष्ट झालेल्या कलम ६५-ब मध्ये संगणक योग्य रीतीने चालू असल्याची अट घालण्यात आली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ ने प्रमाणपत्राची तरतूद पुढे चालू ठेवली आहे. हे प्रमाणपत्र देणाऱ्यास पद्धतीच्या आतील रचनेची माहिती कितपत असते, हा वाणिज्य, विधी व संगणकशास्त्र या तिन्ही विभागांनी एकत्र अभ्यासण्याचा विषय आहे. पुनर्रचित कंपन्यांमध्ये ती माहिती असलेली माणसे बहुधा दोन मालकांपूर्वीच निघून गेलेली असतात.

फुजित्सूने २०१८ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणक व्यवसायाचा बहुतांश हिस्सा लेनोव्हो या चिनी कंपनीस विकला. आय.बी.एम.ने हेच २००५ मध्ये केले होते. मोठ्या संगणकांची विक्री २०३० मध्ये व देखभाल २०३५ मध्ये थांबविण्याचे फुजित्सूने २०२२ मध्ये जाहीर केले. कंपनीचे भारतातील एक सेवाकेंद्र पुण्यातही आहे.